दशरथ तात्यांची काळी खिडकी

तात्या खुर्चीत बसलेत असं मी फार कमी वेळा बघितलं. खुर्ची होती त्यांना, चांगली गादीची होती, पण तिच्यावर त्यांचा जेवणाचा डबा बसायचा. तात्या उभे. टेबलावर जुन्या नोंदवह्यांचे दोन गठ्ठे, त्यावर मॉनिटर, त्यापुढं कीबोर्ड, आणि तात्या उभ्यानं टाइप करतायत. एक पाय सारखा हलतोय. चार ओळी टाइप केल्या की खिडकीपर्यंत जायचं, बाहेर यार्डात किती ट्रॅक्टर लागलेत बघायचं, परत यायचं, तोवर मशीनचं काम झालेलं नसलं तर मशीनला म्हणायचं, "काय रं, झोपला व्हय?"

आमचा साखर कारखाना बारामतीहून इंदापूरकडं जाताना लागतो. नाव सांगत नाही, सांगितलं तर अर्ध्या तासात माझ्या चुलत्याचा फोन येईल. मी तिथं शेती खात्याच्या संगणक विभागात कंत्राटावर लागले. विभाग म्हणजे मागची एक खोली, एक सर्व्हर, एक गरगरणारा पंखा आणि दशरथ तात्या. जॉइन झाले त्या दिवशी शेती अधिकारी साहेबांनी मला दारात उभं केलं आणि म्हणाले, "तात्या, ही सायली. कॉम्प्युटर सायन्स झालीय." तात्यांनी मागं न बघता विचारलं, "माउसशिवाय चालती का?"

मला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. तात्यांचा माउस ड्रॉवरमध्ये असायचा, वायर गुंडाळून, वर रबर लावून. पाहुण्यांसाठी ठेवलेला.

तर काळी खिडकी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही मशीनवर चित्रांवर क्लिक करता ना, तात्यांचं तसं काही नव्हतं. काळा पडदा, पिवळी अक्षरं, एक लुकलुकणारा ठोकळा. तिथं हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचं, काम झालं. कॉलेजात आम्हाला ह्याला टर्मिनल म्हणायला शिकवलं होतं, परीक्षेपुरतं, आणि परीक्षा झाली की आम्ही विसरून गेलो होतो. तात्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते मुळात शेतांवर सायकल घेऊन फिरणारे, कुणी ऊस कधी लावला त्याच्या नोंदी घेणारे. कारखान्यात पहिलं मशीन आलं तेव्हा त्याच्यावर ही एवढी एकच खिडकी होती, आणि तात्या तिच्यात शिरले ते बाहेरच आले नाहीत. बाकी त्यांचं शिक्षण, गाव, घराणं वगैरे मी सांगत बसत नाही. वडगाव निंबाळकरचे होते, एवढं पुरे.

माझ्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. गावागावांच्या याद्यांच्या फायली होत्या, सगळ्यांच्या नावात मागच्या हंगामाचं साल पडलेलं. मी एकेका फायलीवर क्लिक करून नाव बदलत होते. तात्या मागं येऊन उभे राहिले. पाय हलतोय हे मला न बघताच कळत होतं.

"काय करतीयास?"

"नावं बदलते, तात्या."

"किती हायत?"

"दोनशेच्या आसपास."

"मंग दिवाळीपतोर हुईल की."

मी हसले आणि पुढच्या फायलीवर क्लिक केलं. तात्यांना ते सहन झालं नाही. खरंच नाही झालं, त्यांनी एकदा खिडकीपर्यंत चक्कर मारली, परत आले, माझा कीबोर्ड स्वतःकडं ओढला, काळी खिडकी उघडली आणि एक ओळ टाइप केली. एक. एंटर. सगळी नावं बदलली.

"आता तू मोकळी. जा कँटीनला, मला बी च्या सांग. आन हे बघ, एकच काम तिसऱ्या बारीला हातानं केलं ना, तर ती तिसरी बारी आपल्या मूर्खपणाची धरायची."

त्या दिवशी मी घरी जळोचीला मावशीकडं जाईपर्यंत तीच ओळ डोक्यात घोळवत होते. मला आठवतं, मी बसमध्ये मैत्रिणीला व्हॉइस मेसेज पाठवला होता, पाच मिनिटांचा. तिनं उत्तर दिलं, तू बरी आहेस ना.

पण खरी मजा ती ओळ नव्हती. खरी मजा म्हणजे तात्यांनी ती खिडकी स्वतःच्या हाताला बसवून घेतली होती. मूळचे हुकूम इंग्रजीतले, आखूड, तोंडात न बसणारे. मशीनमध्ये एक फाईल असते, तिच्यात तुम्ही लिहून ठेवू शकता की मी अमुक शब्द टाकला की तू तमुक कर. लोक त्यात चार ओळी लिहितात. तात्यांच्या फायलीत चारशे होत्या. इंग्रजी अक्षरात पण शब्द आपले. 'बघ' टाकलं की फोल्डरमधल्या फायली दिसायच्या. 'कुठं' टाकलं की आपण कुठल्या फोल्डरात आहोत ते. 'हुडक' म्हणजे शोध, 'मोज' म्हणजे ओळी मोज. 'बावडा' एवढं टाइप केलं की थेट बावडा गटाच्या, म्हणजे त्या बाजूच्या गावांच्या, फोल्डरात. एकदा साहेब मागं उभे असताना तात्या 'हुडक', 'मोज', 'बघ' असं फडाफडा टाइप करत होते, तर साहेब म्हणाले, "तात्या, तुमी कॉम्प्युटर चालवताय का बैल?" तात्या म्हणाले, "साहेब, बैलाला येवढं सांगाय लागत न्हाय."

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मशीन आपलं नाव दाखवतं ना, तिथं तात्यांनी यार्डातल्या गाड्यांचा आकडा आणून बसवला होता. किती ट्रॅक्टर, किती ट्रक, किती बैलगाड्या उभ्या आहेत. दर एंटरला ताजा. लांबलचक काम चालू असलं की ते संपल्यावर मशीन तीनदा पीं पीं पीं करायचं, म्हणजे तात्यांना तोवर फिरायला मोकळीक. मागं कधी टाइप केलेला हुकूम पहिल्या दोन अक्षरांवरून परत कसा आणायचा, अर्धं नाव टाइप करून टॅब मारला की बाकीचं मशीन कसं भरतं, हे सगळं ते चालता चालता सांगायचे, एकदाच, आणि मी वहीत लिहायला गेले की चिडायचे. "वहीत काय लिवतीस, बोटात लिव."

एक बटण वाचलं तरी त्यांना जेवल्यासारखं वाटायचं. घरीसुद्धा तेच. एका रविवारी त्यांनी स्वयंपाकघरात चहा, साखर, गाळणं, कप सगळं अशा बेतानं मांडलं की जागेवरून न हलता चहा व्हावा. काकूंनी दोन दिवसांत सगळं परत जिथल्या तिथं नेलं. मला म्हणाल्या, "मला डॉक्टरनं चालायला सांगितलंय. ह्यांना सांग की काय वाचवायचं ते हापिसात वाचवा."

मी झपाटून गेले होते. खोटं कशाला बोलू. माझ्या मशीनवर मी पण तसली फाईल केली, रंग भरले, चिन्हं टाकली, तापमान दाखवायला लावलं, रोज संध्याकाळी फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. आणि मग मला वाटायला लागलं की तात्यांचं सगळं भारी आहे पण दिसायला काय ते. काळ्यावर भडक पिवळं, अक्षरं ही एवढाली मोठी, एका पडद्यात जेमतेम दहा ओळी. जुनं वाटतं. तर एक दिवस तात्या जेवायला गेले असताना मी त्यांच्या मशीनवर नवा साज चढवला. करड्या रंगावर फिक्कट जांभळी अक्षरं, बारीक, नाजूक. फार सुंदर दिसत होतं. मी माझ्या जागेवर जाऊन बसले आणि वाट बघत राहिले.

तात्या आले. कीबोर्डसमोर उभे राहिले. आणि त्यांचा पाय थांबला.

मी तोवर कधीच त्यांचा पाय थांबलेला बघितला नव्हता. ते तसेच उभे. मग तोंड पडद्याच्या इतकं जवळ नेलं की नाक लागेल. मग मान तिरकी केली, डाव्या बाजूनं बघितलं, उजव्या बाजूनं बघितलं. मला हसू यायला लागलं होतं ते तिथंच अडकलं.

"सायली," ते हळू म्हणाले, "मशीन बंद पडलंय का गं?"

मशीन चालू होतं. दहा ओळी होत्या पडद्यावर.

मी उठून दोन मिनिटांत सगळं पूर्ववत केलं. पिवळं परत आलं तसा त्यांनी श्वास सोडला. दार लोटून घेतलं आणि मला सांगितलं. शुगर जुनी. डोळ्याचे पडदे खराब झालेत. पुण्याला इंजेक्शनं घेऊन झाली, डॉक्टर म्हणतो आहे तेवढं टिकवू, वाढायचं नाही. डाव्यानं जवळपास काहीच नाही, उजव्यानं मधोमध धूर आणि कडंनं थोडं. पिवळं मोठं अक्षर कसंबसं दिसतं, ते पण निम्मं अंदाजानं. बाकी बोटं करतात.

"साहेबांना माहीत आहे?"

"कुणाला म्हाईत न्हाय. तुझ्या काकूला हाय, आन आता तुला."

"सांगा ना मग. काहीतरी सवलत देतील."

"देतील की. गेटवर खुर्ची देतील. बसा म्हणतील तात्या निवांत, येणाराला रामराम करा." ते खिडकीकडं गेले, परत आले. "दोन वर्सं ऱ्हायल्यात माझी. मला हितनं रिटायर व्हायचंय, ह्या कीबोर्डावरनं. गेटवर बसवलं तर मी दोन दिसात मरंन पोरी. तू कुणाला बोलू नको."

मी बोलले नाही. आणि त्यानंतर मला त्या चारशे ओळी वेगळ्याच दिसायला लागल्या. कमी बटणं कशासाठी, तर बटण दिसत नव्हतं. पीं पीं पीं कशासाठी, तर काम संपल्याचं वाचता येत नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी अक्षर मोठं व्हायचं. दहा ओळींच्या सात झाल्या, सातांच्या पाच. पुढं पुढं अक्षर वाचणं त्यांनी सोडूनच दिलं आणि रंगावर आले. चूक झाली की लाल पट्टा. सापडलं की हिरवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सर्व्हरचा रंग. तात्या त्यांच्या मशीनवरूनच सर्व्हरमध्ये शिरायचे, तीच खिडकी, तोच कीबोर्ड, पण आत शिरलं की अख्खी खिडकी गुळाच्या रंगाची व्हायची. ती सोय त्यांनी सर्व्हरवरच करून ठेवली होती. काळी म्हणजे मी माझ्या मशीनवर. गुळासारखी म्हणजे सर्व्हरवर, म्हणजे जपून. फोल्डरांची नावं दोन्हीकडं मुद्दाम एकसारखी, बोटांना वेगळं शिकायला लागू नये म्हणून. स्वतःच्या मशीनवर ते याद्यांची नक्कल ठेवायचे, तिच्यावर हवे ते प्रयोग करायचे, बिघडली की पुसायची.

आता पुसण्याचं सांगते, ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ह्या खिडकीत फाईल पुसायचा हुकूम म्हणजे आरएम, दोन अक्षरं. तो एकदा दिला की फाईल गेली, परत आणायची सोय नाही, कुणी 'नक्की का' असं विचारत पण नाही. तात्यांनी बाकी सगळ्या हुकमांना नवी नावं दिली होती, ह्याला दिलं नाही. बोटांना इतक्या वर्षांची सवय, ती मोडेना. म्हणून त्यांनी नाव तेच ठेवलं आणि आतलं काम बदललं. त्यांच्या मशीनवर आरएम टाकलं की फाईल पुसली जायची नाही, 'उकिरडा' नावाच्या फोल्डरात जाऊन पडायची. आठ दिवस तिथं, मग साफ. कितीदा त्यांनी उकिरड्यातून फायली काढल्या असतील. मला म्हणायचे, "माणसाचं चुकणार, त्याला जागा ठिवाय पायजे." जुन्या सर्व्हरवरही त्यांनी तेच बसवलेलं. त्यामुळं तात्यांची बोटं आरएम बेफिकीर टाइप करायची, आपण धूळ झटकतो तशी.

गेल्या हंगामाच्या तोंडावर नवा सर्व्हर आला. एका शनिवार-रविवारी सर्व्हर देणाऱ्या कंपनीचा रोहन पुण्याहून येऊन सगळा डेटा त्याच्यावर नेऊन गेला. सोमवारी सकाळी नवा डबा, म्हणजे तो सर्व्हर, चालू. नवा म्हणजे कोरा. तात्यांच्या चारशे ओळी त्याच्यावर नाहीत, गुळाचा रंग नाही, उकिरडा नाही. जुना डबा रोहननं गाडीत टाकून नेला होता, पण तात्यांच्या फायलीची नक्कल आमच्याकडं होतीच, ती फक्त नव्यावर ठेवायची होती. दहा मिनिटांचं काम.

तात्या सोमवारी आल्या आल्या मला म्हणाले, "नव्यावर आपली फाईल टाकून घे गं. मला त्याच्या पडद्यावरची बारीक अक्षरं दिसायची न्हाईत, मी टाकाय गेलो तर घोळ हुईल."

मी म्हटलं, "टाकते तात्या."

हे मी लिहितेय म्हणून सांगते, कामात नव्हते मी. सकाळी थोडे फोन आले हे खरं. पण दुपारी मी माझ्या स्वतःच्या खिडकीत ढगांची चिन्हं बसवत होते, पाऊस असेल तर ढग, ऊन असेल तर सूर्य. ते हलत होतं, बसत नव्हतं, मी त्याच्या मागं लागले. मंगळवारी पण तेच. बुधवारी मी विसरले होते.

गुरुवारी दुपारी तात्यांनी पहिल्यांदाच नव्या सर्व्हरमध्ये शिरायचा हुकूम दिला. आत शिरले. खिडकी काळीच राहिली. तात्यांना वाटलं, लागलं नाही, आपण अजून आपल्याच मशीनवर आहोत. मग सवयीनं वाटलं, लागेपर्यंत नक्कल तरी साफ करू. तोडणीचं फोल्डर, आरएम, एंटर. उभ्यानं. पाय हलतोय. मी तीन हातांवर बसले होते.

चार वाजता बावडा गटाची यादी छापायची होती, कुणाच्या उसाला कुठल्या क्रमानं तोड द्यायची ती. प्रिंटर कोरा कागद टाकत बसला. मुकादमाचा फोन आला की ऊसतोडीची टोळी रस्त्यावर उभी आहे, कुठल्या फडात घालू. मग गट ऑफिसचा फोन. मग साहेब स्वतः आले. शनिवारपर्यंतची नक्कल कंपनीकडं होती, पण त्या चार दिवसांत बावड्याची सगळी दुरुस्ती सर्व्हरवर चढली होती, कुणाची लागणीची तारीख चुकलेली, कुणाचं क्षेत्र, कुणाचं नावच नसलेलं. ती गेली. नव्या सर्व्हरचं बॅकअप शुक्रवारपासून सुरू होणार होतं.

"थांबा, उकिरड्यात असंल," तात्या म्हणाले. अगदी सहज. आणि त्यांनी त्यांच्या मशीनवरचा उकिरडा उघडला. 'मोज'. शून्य, आणि लाल पट्टा.

मला तेव्हा कळलं, पुसलं गेलं ते सर्व्हरवर. तात्यांना पण त्याच क्षणी कळलं असणार, कारण त्यांनी कीबोर्डवरचे हात उचलले आणि तसेच हवेत धरले.

साहेब रोहनला स्पीकरवर घेऊन बोलत होते. "तुमच्या डब्यात चार दिवस डेटा टिकत नाही? मी आजच्या आज तुमच्या कंपनीला पत्र काढतो. तुम्ही परत ह्या गेटच्या आत यायचं नाही." रोहन पलीकडून सारखा म्हणत होता, सर मी हात लावला नाहीये, सर एकदा बघू तरी द्या. त्याचा आवाज चिरकत होता. माझ्याच वयाचा असेल.

सर्व्हरचं लॉगिन आमच्या सगळ्यांचं एकच होतं. रोहन त्यानंच शिरायचा, मी त्यानंच, तात्या त्यानंच. तात्या गप्प राहिले असते तर गोष्ट रोहनवर गेली असती आणि तिथंच संपली असती. मी पण बोलू शकत होते. माझं तोंड उघडेना.

"साहेब, फोन ठिवा," तात्या म्हणाले. "पोराचं काय न्हाय त्यात."

ते सर्व्हरमध्ये शिरले. मशीन मागचे सगळे हुकूम वेळेसकट लक्षात ठेवतं. तो इतिहास त्यांनी पडद्यावर आणला आणि मला म्हणाले, "सायली, शेवटची वाच, मोठ्यानं." मी वाचलं. तोडणी, आरएम, दोन वाजून काहीतरी.

"ही माझी बोटं हायत," तात्या म्हणाले.

साहेबांना समजेना. "तात्या, तुम्ही? तुम्हाला समोर दिसलं नाही का आपण कुठं आहोत ते?"

"न्हाय दिसलं. वरीस झालं मला अक्षर दिसत न्हाय साहेब. रंग दिसतो. नव्या डब्यावर रंग नव्हता."

मी वाट बघत होते. आता म्हणतील, हिला सांगितलं होतं. सोमवारीच सांगितलं होतं. तात्यांनी माझ्याकडं मान वळवली सुद्धा नाही. साहेबांनी विचारलं, "आणि रंग का नव्हता?" तात्या म्हणाले, "ऱ्हायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं तात्या आणि मी बावड्याला. गट ऑफिसात कागदाच्या नोंदी होत्या. तिथला क्लार्क वाचणार, मी टाइप करणार, तात्या मध्ये फेऱ्या मारणार. बाहेर लोक जमलेले. एक पारूबाई म्हणून होत्या, पदर खोचून थेट आत आल्या. "माझा नंबर पुसला म्हणं कुणीतरी. कोण हाय तो?"

"मी हाय, मावशी."

"डोळं फुटलं हुतं का तुझं?"

"व्हय," तात्या म्हणाले.

पारूबाई तिथल्याच बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मंग लिव आता नीट. पारूबाई. अडसाली लागण. जुलैची. बांधाला नारळ हाय."

"नारळाचं घेत न्हाय मशीन."

"घे म्हणावं."

संध्याकाळपर्यंत निम्म्या नोंदी झाल्या, शनिवारी उरलेल्या. क्लार्क वाचायला लागला की तात्या त्याच्या पुढं धावायचे, अर्ध्या नावावरूनच म्हणायचे, हा ओढ्याकडंचा, ह्याची तारीख पाच दिवस मागं असणार, बघ. बरोबर निघायची. सायकलवर फिरून घेतलेल्या शेतांची आठवण होती ती, पडद्याची नव्हती. पण सगळ्यांची नाही निघाली बरोबर. दोन-तीन चुकली, पारूबाईंच्या भाच्याचा ऊस आठ दिवस मागं पडला आणि तो अजून माझ्याशी बोलत नाही.

सोमवारी तात्यांची खुर्ची गेटवर नेली. साहेब वाईट नव्हते, त्यांनी उन्हाची सोय बघितली, कूलर दिला. तात्या बरोबर दीड दिवस बसले तिथं. मंगळवारी दुपारी अर्ज लिहायला माझ्याकडं आले, मला सांगितलं आणि मी टाइप केला, तीन ओळींचा, मुदतीआधी निवृत्ती मिळावी. सही करताना मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. सही सुरेख आली. मग म्हणाले, "तू बरोबर टाइप केलंयस ना?" आणि हसले. मला जे सांगायचं होतं ते त्या खोलीत, त्या पंख्याखाली मला सांगता आलं नाही. ते जेवणाचा डबा उचलून गेले.

पुढं चार महिने मी गेले नाही त्यांच्याकडं. हंगाम होता, काम होतं, ही कारणं आहेत. खरं म्हणजे मी रोज वडगावच्या एसटीची वेळ बघायचे आणि घरी जायचे. हंगाम संपला तेव्हा एका रविवारी सकाळी गेले.

काकू अंगणात होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस व्हय. जा, बघ जाऊन तुझ्या तात्यांची सवत."

"कुणाची?"

"माझी गं. दिसभर तिच्याशीच बोलत्यात."

तात्या ओसरीवर होते, बसलेले. मांडीवर कीबोर्ड, समोर एक जुना कॉम्प्युटर, पण पडदा कुठं नाही. मॉनिटरच नव्हता. एका कानात इअरफोन, दुसरा गळ्यात लोंबतोय. बोटं चालली होती, आणि लोंबणाऱ्या इअरफोनमधून माशी बाटलीत अडकावी तसा आवाज येत होता.

"कोण?"

"सायली."

"बस. येवढं ऐकू दे."

मी बसले नाही. मी उभ्यानंच सांगून टाकलं, सगळं, सोमवारचं, ढगांचं, बुधवारी विसरल्याचं, त्या दिवशी तोंड उघडलं नाही त्याचं. भराभर बोलले, मध्ये थांबले असते तर पुढं आलं नसतं. तात्यांनी बोटं थांबवली होती.

"ढग बसला का मंग?"

"नाही बसला. काढून टाकला."

"हं." त्यांनी मान हलवली. "मी त्या दिवशी आत शिरलो तवा 'कुठं' टाकून बघाय पायजे हुतं. नव्या डब्याला त्यो शब्द म्हाईत नव्हता, कायतरी वंगाळ उमटलं असतं, मला वाचता न्हाय आलं असतं, पर तुला हाक मारली असती, तू वाचलं असतंस. चार बटणं. वाचवली मी ती." मग लोंबणारा इअरफोन चाचपून माझ्या दिशेनं धरला. "हे ऐक."

मी कानात घातला. ती माशी आता मेंदूत. एक अक्षर कळेना.

"काय आहे हे?"

"खिडकीच हाय. बोलती केली. जे जे उमटंल ते वाचून दाखवती. ती बाई मराठी बोलती खरी, पर साहेबाच्या पोरीवानी बोलती." ते हसले. "गावाची पाण्याची पाळी लावतोय. कॅनॉलचं आवर्तन सुटलंय, कुणी कवा दारं धरायची त्याची यादी. सोसायटीनं दिलंय काम. पहिलं चार माणसं हप्ताभर भांडत बसायची."

"पण तात्या, कळतंय का तुम्हाला? केवढ्या वेगानं."

"हिचा मूळचा वेग म्हंजी म्हातारी देवळाला निघाल्यावानी. मी वाढवत गेलो."

"मला काहीच कळत नाही. जरा हळू करा ना."

त्यांनी तोंड वाकडं केलं, पण केलं. एक बटण चार वेळा दाबलं. आवाज खाली उतरला, माशीची बाई झाली, आणि ती बाई एकेक शब्द सुटा करून सांगायला लागली. गुरुवार. सकाळी. सहा. ते. नऊ. वाजेपर्यंत. मी डोळे मिटून ऐकत होते. शेजारी तात्यांचा गुडघा जोरजोरात हलायला लागला होता, मांडीवरचा कीबोर्ड त्याच्याबरोबर हलत होता, आणि ती बाई अजून पहिल्या माणसाच्या नावावरच होती. तात्यांनी ते नाव पुरं होईपर्यंत सोसलं. मग "कळलं ना?" असं विचारून, माझ्या उत्तराची वाट न बघता, वेग परत जिथं होता तिथं नेला.